हिंडता घास

पैसे मोजून पायी हिंडायचे आणि हिंडता हिंडता जागोजागी खायचे, असाही एक धंदा जगात चालतो, हे माझ्या लेकीने मला सांगितले तेव्हा मी प्रथम हसलो. आमच्या पाथर्डी तालुक्यात पोटासाठी हिंडणारी माणसे काही थोडीथोडकी नाहीत. दिवाळी आली की साऱ्या महाराष्ट्रातली माणसे आपापल्या घरी परततात आणि आमच्याकडच्या वाड्या-वस्त्यांना कुलपे लागण्याचे दिवस सुरू होतात. बिऱ्हाड ट्रकमध्ये चढते, म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे तेवढी मागे राहतात आणि बाकीची कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. हिंडणे आणि खाणे यांचे नाते आम्हांला कुणी नव्याने समजावून द्यावे असे नाही. फरक इतकाच, की आमच्याकडे आधी हिंडायचे आणि मग, मिळाले तर, खायचे.

लेक तेव्हा इस्तंबूलला होती. तिच्या कंपनीने तिला वर्षभरासाठी तिकडे धाडले होते. "बाबा, आजीला घेऊन याच," असा तिने हट्ट धरला आणि मी, मराठीचा निवृत्त मास्तर, आईचा पासपोर्ट काढण्याच्या उद्योगाला लागलो. तिच्या बोटांचे ठसे यंत्राला काही केल्या उमटेनात. कोयत्याने ते केव्हाच पुसून टाकले होते. चार वेळा ओल्या फडक्याने बोटे पुसली तेव्हा कुठे यंत्राची खात्री पटली, की ही बाई आहे म्हणून.

हा प्रवास २०२४ च्या दसऱ्यानंतरचा. पुढच्या मे महिन्यात आपल्या आणि त्यांच्या देशात कटुता आली, पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांकडे पाठ फिरवली, आणि "तुम्ही तिकडे गेलातच कशाला?" असे मला दोघा-चौघांनी विचारलेही. त्या वादात मी येथे शिरत नाही. मी लिहितो आहे ते एका संध्याकाळीविषयी.

तर लेकीने 'फूड टूर' ठरवली. तिसऱ्या प्रहरी निघायचे आणि रात्री दहापर्यंत, एक वाटाड्या नेईल तिकडे जायचे आणि देईल ते खायचे. आईने पहिला प्रश्न केला तो अपेक्षितच होता. "किती घेतो त्यो?"

मी म्हणालो, "दोनशे रुपये."

खरा आकडा मी आजही लिहिणार नाही. हा अंक घरोघर वाचला जातो, आणि आमच्या घरी आईला वाचून दाखवणारी नातवंडे आहेत.

"दोनशे? नुसतं हिंडवायचं?" असे म्हणून तिने कनवटीची पिशवी चाचपून पाहिली. त्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी होती आणि मढीच्या कानिफनाथांच्या प्रसादाची रेवडी होती. या दोन वस्तू जवळ असल्या की ती जगात कुठेही जायला तयार असते.

आईच्या गळ्यात माळ आहे. मांस-मच्छी वर्ज्य. तुर्कस्तान म्हणजे कबाबांचा देश. तेथे माळकरी बाईने काय खावे, हा मला पडलेला प्रश्न. तिला मात्र तो पडला नव्हता. "भाकरी तर आसंलच की," ती म्हणाली. आणि परदेशी अन्नाचा तिला अनुभव नव्हता असेही नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडता फोडता तिने अमेरिकेहून आलेला लाल मिलो खाल्ला होता. त्याच्या भाकरीविषयी ती अजून जे बोलते ते दिवाळीच्या दिवसांत छापण्याजोगे नाही.

एमिनोनुच्या धक्क्यावर वाटाड्या आमची वाट पाहत उभा होता. तिशीतला, काळासावळा, हसरा. आमच्याबरोबर आणखी चार युरोपियन पाहुणे होते. त्याने आईकडे पाहिले, हात छातीवर ठेवला, किंचित वाकला आणि तिला 'तेयझे' म्हणाला. तेयझे म्हणजे मावशी. आईने त्याला न्याहाळले आणि माझ्या कानात पुटपुटली, "दोनशे घेणाराचं बोलणं गोडच आसतं."

पहिला मुक्काम तेथल्या मसाल्याच्या बाजाराचा. सतराव्या शतकातली ती इमारत, छताला कमानी, आणि दोन्ही बाजूंना हळद, जिरे, सुमाक, वाळलेल्या मिरच्या यांचे शंकूसारखे ढीग. या बाजाराला तेथे 'मिसर चार्शी' म्हणतात, मिसर म्हणजे इजिप्त. बाहेरच्या गल्लीत १८७१ पासून कॉफी भाजणारे एक दुकान आहे. तेथला वास आपल्याला गल्लीच्या तोंडाशीच गाठतो आणि हाताला धरून दुकानापर्यंत नेतो. मी त्या वासात उभा होतो आणि माझे कान दुसरेच काही टिपत होते. दुकानाला ते 'दुक्क्यान' म्हणत होते, हिशेबाला 'हेसाप', सरबताला 'शेर्बेत', हलव्याला 'हेल्वा'. हवा, दुनिया, मैदान, सारे थोडे मुरड घालून तेच. तोफेला 'तोप' म्हणतात, हे ऐकल्यावर तर मला राहवले नाही. विजापूरची प्रसिद्ध मुलूख मैदान तोफ १५४९ साली आमच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ओतली गेली आणि ती ओतणारा रूमी खान हा याच मुलखातून आलेला तुर्क होता, हे मी वाटाड्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. त्याने नम्रपणे मान डोलावली. युरोपियन पाहुण्यांनीही डोलावली. आई म्हणाली, "मास्तर, पोराला त्याचं काम करू दे."

मग त्याने लोणच्याच्या दुकानात नेऊन सर्वांच्या हाती लोणच्याच्या खाऱ्या-आंबट पाण्याचे पेले दिले. युरोपियन पाहुण्यांनी एकेक घोट घेऊन पेले हळूच खाली ठेवले. आईने पेला संपवला आणि दुसऱ्यासाठी पुढे केला. वाटाड्याच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा धंद्यापलीकडचे हसू आले.

तेथून बोट. युरोपच्या किनाऱ्यावर चढायचे आणि वीस मिनिटांत आशियाच्या किनाऱ्यावर कादिक्योयला उतरायचे. या बोटीला 'वापूर' म्हणतात. आईने तत्काळ निर्णय दिला, "वाफंवर चालती म्हणून वापूर." आमच्या 'वाफे'चा आणि त्या फ्रेंचमधून आलेल्या शब्दाचा काही संबंध नाही, हे मास्तर म्हणून मला सांगायला हवे होते, पण अर्थ तिने अचूक लावला होता, तेव्हा मी गप्प बसलो.

सूर्य कलला होता. बोट धक्क्यापासून सुटली आणि मागे सारे शहर उभे राहिले. डावीकडच्या टेकडीवर सुलेमानियेचे घुमट आणि सुयांसारखे मिनार. उजवीकडे १३४८ साली जिनोआच्या व्यापाऱ्यांनी बांधलेला गालाताचा बुरूज. पुलाच्या कठड्याला रांगेने उभे असलेले गळ टाकणारे. आणि सूर्य त्या घुमटांच्या मागे उतरत असलेला, त्यामुळे सारे कसे काळ्या कागदातून कातरून काढल्यासारखे. कमरेशी निमुळत्या काचेच्या पेल्यांतून चहा आला. पाखरे, समुद्रपक्षी, बोटीबरोबर उडत होती आणि माणसे त्यांच्याकडे सिमितचे तुकडे भिरकावत होती. सिमित म्हणजे तिळांत घोळवलेले, कडक भाजलेले, कड्याएवढे पावाचे वेटोळे. आईने ते हातात धरले, हुंगले, तीळ ओळखले आणि तिच्या मते तो पदार्थ पास झाला.

अशात बोट हलली आणि तिच्या हातातला तुकडा खाली पडला. मी "राहू दे" म्हणेपर्यंत वाटाड्या वाकला होता. त्याने तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि कठड्याच्या उंच कडेवर, पाखरांना मिळेल असा, ठेवून दिला. हे त्याने कुणाला दाखवण्यासाठी केले नाही. त्याचे पाठ केलेले बोलणे तेव्हा पलीकडच्या पाहुण्यांशी चाललेच होते. हात आपले आपण हे काम करून मोकळे झाले. मग लेकीने विचारले तेव्हा त्याने सांगितले, की पाव जमिनीवर पडला तर तो तसाच टाकून जायचा नसतो, आजी रागावते.

आई माझ्याकडे वळली. "बघितलंस?" इतकेच म्हणाली. आमच्या घरी भाकरीला पाय लागला तर आधी भाकरीच्या पाया पडायचे, मग पुढचे बोलायचे. त्या क्षणापासून वाटाड्या तिच्या लेखी 'दोनशे घेणारा' राहिला नाही. 'त्यो पोरगा' झाला.

कादिक्योयच्या बाजारात दिवे लागले होते. मासळीच्या टोपल्या, ऑलिव्हची पिंपे, मधाची पोळी, भाजलेले चेस्टनट. या गल्ल्यांत काय काय खाल्ले याची यादी मी देत बसत नाही. अशा याद्या वाचून पोट भरत नाही आणि लिहिणारा मात्र हावरा दिसतो. शिंपल्यांत भात भरून विकणारे फेरीवाले होते. युरोपियन मंडळी त्यांवर लिंबू पिळून एकामागून एक शिंपले रिचवत होती आणि मीही, आई चटणीची पुडी सोडण्यात गुंतली आहे असे पाहून, दोन गट्ट केले. हे फेरीवाले बहुतेक मार्दिनचे, असे वाटाड्याने सांगितले. मार्दिन पार आग्नेयेला, सिरियाच्या सीमेजवळ, समुद्रापासून कितीतरी दूर. समुद्र न पाहिलेल्या गावची माणसे इस्तंबूलला समुद्र विकतात.

आईसाठी डाळीचे सूप आले, तांबड्या मसुरीचे, वर लिंबू. तिने एक चमचा घेतला आणि म्हणाली, "आमटीच हाय. मिरची घालायची राहिली." मग तिने चटणी सोडली. वाटाड्याने कुतूहलाने हात पुढे केला, तिने त्याच्या तळहातावर चिमूट नव्हे, चांगली बोटभर चटणी ठेवली. मी लेकीला पाणी तयार ठेवायला सांगितले. त्याने ती तोंडात टाकली, शांतपणे चघळली, आणि आणखी मागितली. तो उर्फाचा होता. उर्फाच्या काळपट तांबड्या मिरचीवर वाढलेल्या माणसाला आमची चटणी म्हणजे ओळखीचा पाहुणा. "ह्यो आपल्याकडलाच हाय," आईने जाहीर केले.

पुढे एका काचेआड दोन बायका बसून गोझलेमे करत होत्या. पातळ लाटलेली मोठी पोळी, आत पालक किंवा बटाटा, आणि उपड्या घुमटासारख्या तव्यावर भाजायची. त्यांचे लाटणे म्हणजे लाटणेच नव्हे, बोटाएवढी जाड लांब छडी. त्या छडीवर पोळी गुंडाळली जाई, उलगडली जाई, आणि दर उलगडीला वीतभर वाढलेली असे. आई काचेला नाक लावून उभी राहिली. आतली थोरली बाई पन्नाशीची असेल. तिनेही आईकडे पाहिले. आईने हवेतच दोन तळहातांत भाकरी थापून दाखवली. ती बाई हसली, छडी खाली ठेवली, आणि तिने हवेतच तशीच थापून दाखवली. दोघींमध्ये काच होती आणि भाषा तर नव्हतीच.

खाऊन झाल्यावर वाटाड्याने आम्हांला एक वाक्य शिकवले. ज्याने रांधले त्याला म्हणायचे, 'एलिनिझे सालिक'. तुमच्या हातांना आरोग्य असो.

"कशाला?" आईने विचारले.

"हातांना, आजी."

तिने ते दोनदा म्हणवून घेतले आणि काचेशी जाऊन आपल्या पाथर्डीच्या उच्चारात म्हटले. आतल्या बाईने पिठाचा हात छातीवर ठेवला. मला मात्र आमच्या घरातली वाक्ये आठवत होती. आम्हीही म्हणतो, 'तुझ्या हाताला चव आहे'. ती चवीची स्तुती असते. हाताची विचारपूस त्यात नसते. आणि तेही म्हटले जाते ते बहुधा भाजी बिघडल्यावर, मागच्या वेळची आठवण म्हणून.

शेवटचा मुक्काम मोदाच्या कडेवरच्या चहाच्या बागेत. खाली काळा समुद्र म्हणावा असा काळोखातला मार्मारा, आणि पाण्यापलीकडे जुन्या शहराचे दिवे. ज्या घुमटांना आम्ही संध्याकाळी मागे सोडून आलो ते आता आतून उजळल्यासारखे दिसत होते. युरोपियन मंडळी कठड्याशी जाऊन छायाचित्रे घेऊ लागली. टेबलाशी आम्ही तिघे आणि वाटाड्या उरलो. चहा आला आणि त्याने आणलेला बाक्लावाचा डबा उघडला.

आईने एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "साखर लई." लेकीने सहज वाटाड्याला सांगितले, की आजी साखरेवर बोलायला अधिकारी आहे, तिने वीस-बावीस वर्षे ऊस तोडला आहे. आमच्याकडे साखर ऊसाची नाही, तो म्हणाला, बीटाची असते.

"मग त्ये उपटतं कोण?" आईने विचारले.

तो हसला नाही. जरा थांबून म्हणाला, माझी आई खुरपायला जायची. बीट वसंतात, आणि ऑगस्टमध्ये उत्तरेला, ओर्दू आणि गिरेसूनच्या डोंगरांवर, हेझलनट गोळा करायला. जगातल्या हेझलनटचा मोठा वाटा या काळ्या समुद्राच्या उतारांवर पिकतो आणि तो वेचायला उर्फा, मार्दिन, दियारबकीरकडची कुटुंबे ट्रकांतून जातात. तंबूत राहतात. पंधराव्या वर्षापर्यंत तोही गेला होता. नेणारा मुकादम असतो, तो आधी पैसे देतो, मग ते फिटेपर्यंत काम. त्या मुकादमाला 'दायीबाशी' म्हणतात. दायी म्हणजे मामा, बाश म्हणजे डोके, म्होरक्या.

"मुकादमाला मामा म्हणत्यात?" आईला हसू आवरेना. "आमचा मुकादम मामा आसता, तर बैलाची बी उचल बुडवली आसती!" हे भाषांतर करताना लेकीची तारांबळ उडाली, पण त्याला समजले असावे, कारण तोही हसू लागला. मग दोघांचे असे बोलणे जुंपले, की लेकीला दुभाषी म्हणून श्वास घ्यायला फुरसत मिळेना. तंबू केवढा? आमची कोपी एवढी. पहाटे किती वाजता? आम्ही तीनला. पाणी कुठून? पोरे कुठे? एकाच्या तोंडचे वाक्य दुसऱ्याने पुरे करावे तसे चालले होते. त्याची आई अजूनही हेझलनट तोंडात घालत नाही, असे तो म्हणाला. आईने नुसती मान हलवली. यात समजावून सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटले नाही.

मग त्याने विचारले, "तेयझे, तिथे तुम्ही काय खात होता?"

साधाच प्रश्न. संध्याकाळभर आम्ही खाण्याविषयीच बोलत होतो. पण मी हातातला पेला खाली ठेवला, कारण हा प्रश्न मी कधीच विचारला नव्हता. ती ऊसाला जाऊ लागली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. माझी शाळा बुडू नये म्हणून मला आजीजवळ ठेवून ती जाई. पुढची दहा वर्षे तिने सहा-सहा महिने काय खाल्ले हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

आता तिने सांगितले, मला नव्हे, त्याला. पहाटे तीनला दिवसभराच्या भाकऱ्या थापून फडक्यात बांधायच्या. त्यांच्याबरोबर ठेचा, नाहीतर नुसते मीठ-तेल. दुपारी फडात बसल्या जागी खायचे, हाताला ऊसाची काजळी तशीच. भाकरी गोड लागायची, म्हणाली, ऊसाच्या चिकटाने. आणि दिवाळीला? त्याला दिवाळी म्हणजे काय ते लेकीने सांगितले. दिवाळीलाही फडच. एका वर्षी कोल्हापूरकडे एका शेतमालकाच्या बायकोने बोलावून चार करंज्या हातावर ठेवल्या. त्या दिवशी टोळीतला एक ट्रक गावाकडे परतणार होता. तिने करंज्या धडुत्यात बांधून ड्रायव्हरजवळ दिल्या.

"चारी?" त्याने विचारले.

"मग? पोरगं घरी व्हतं की."

ते धडुते मला आठवत होते. दोन दिवसांच्या प्रवासात करंज्यांचा भुगा झाला होता. शेजारच्या पोरांच्या हातांत अख्ख्या करंज्या होत्या आणि मी तो भुगा पाहून रुसलो होतो. आजीने समजूत घातली तरी संध्याकाळपर्यंत तोंडाला लावला नव्हता. आईला हे माहीत नाही. त्या बागेत, पलीकडे एवढे शहर पेटलेले असताना, मी ते तिला सांगावे असे एकदा मनात आले. तेवढ्यात युरोपियन मंडळी परत आली आणि खुर्च्या सरकवण्याची गडबड झाली.

निघताना आईने पिशवीतून रेवडी काढली आणि वाटाड्याच्या हातावर ठेवली. त्याने ती दाताखाली फोडली. "सुसाम!" तो ओरडला. सुसाम म्हणजे तीळ. सिमितवरचेच तीळ. तिने त्याला राहिलेली सारी पुडी दिली आणि लेकीकडून निरोप दिला, की ही आईला दे, देवाची आहे.

परतीची बोट जवळजवळ रिकामी होती. धक्क्यावर तो आम्हांला पोचवायला आला होता; दोर सुटला तरी हात हलवत उभा होता. आई त्याच्याकडे बघत राहिली. दिवा दूर गेल्यावर तिने माझ्या बाहीला धरून ओढले.

"आरं, दोनशे रुपयांत त्येला परवडतं तरी का? एवढं खायला घातलं त्यानं आपल्याला." आणि तिने कनवटीतून घडी घातलेली पन्नासाची नोट काढून माझ्या हातात कोंबली. "उद्या भेटला तर दे त्येला. नुसतंच घेऊ नको म्हणावं."